देव पाण्यात ठेवलेले दिवस

"संकट आलं की देव आठवतो," हे वाक्य आपल्याकडे टोमणा म्हणून फेकलं जातं. एरवी देवळाची पायरी न चढणारा माणूस पोरगं दवाखान्यात असताना शनिवारी मारुतीला तेल घालायला निघाला, की पारावर बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी ते बोलून मोकळं होतं. बोलणाऱ्याच्या मनातला हिशेब पक्का असतो: सुखात नाम घेतो तो खरा भक्त आणि दुःखात धावत येतो तो नुसता गरजू. हा हिशेब मला कधीच पटला नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, फिरताना तर तो जागोजागी खोटा पडताना दिसतो. या जिल्ह्यानं महाराष्ट्राला जे दिलं, त्यातलं कितीतरी अशा माणसांनी दिलं, ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती आणि ज्यांना देव आत्ता, याच घटकेला हवा होता.

जिल्हा विस्तारानं राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या अंगाखांद्यावर पाऊस कोसळतो. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरचा ऊस उभा राहतो. ढग पूर्वेला सरकले की मात्र रिकामे होत जातात. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. आभाळाकडे बघत जगण्याची सवय इथे पिढ्यान् पिढ्यांची आहे. १८७६, १८९६, १८९९ आणि १९७२ या सालांनी इथली घरंच्या घरं उठवली आहेत. आणि कधी उलटंही होतं. २०२५ च्या सप्टेंबरात याच पाथर्डी-शेवगाव भागात इतकं पाणी आलं की उभी पिकं मातीसकट वाहून गेली.

अशा मुलखात देवाला मारलेली हाक सौम्य कशी असेल? घरातलं माणूस अत्यवस्थ असलं की आजी देव्हाऱ्यातले टाक उचलून पाण्याच्या पातेल्यात ठेवते आणि धोका टळेपर्यंत बाहेर काढत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा पोरं लिंबाचा पाला गुंडाळून धोंडी काढतात, दारोदार त्यांच्या अंगावर पाणी ओततात. महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवतात. हे शेवटचं मला नेहमी विचारात पाडतं. ज्या गावात बाया हंड्याहंड्यासाठी मैलभर चालतात, तेच गाव ते पाणी देवाच्या डोक्यावर ओततं. पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण यात देवाशी भांडण्याइतकी जवळीक आहे. आमचा जीव गुदमरतोय, तुझाही गुदमरू दे, म्हणजे तुला कळेल, असं सांगण्याचा हक्क ही माणसं स्वतःकडे घेतात. परक्याशी कुणी असं वागत नाही.

आणि मग सप्ताह बसतो.

ज्यांनी अखंड हरिनाम सप्ताह जवळून पाहिलेला नाही त्यांना तो लाउडस्पीकर आणि जेवणावळींचा कार्यक्रम वाटतो. नेवासे, राहुरी, श्रीरामपूर भागातल्या सप्ताहांत पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बसून पाहावं, तेव्हा त्याची रचना उमगते. पहाटे चारला काकडा. मग विष्णुसहस्रनाम. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण. शे-दोनशे बाया-माणसं रांगांत पोथी उघडून बसलेली आणि व्यासपीठ चालवणारे महाराज ओवी पुढे नेताहेत. दुपारी प्रवचन किंवा गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. या सगळ्याच्या मध्यभागी एक गोष्ट सात दिवस थांबत नाही. वीणा. ती उभ्यानं वाजवायची आणि जमिनीला टेकू द्यायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. गावातल्या माणसांची नावं वहीत लिहिलेली असतात. सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे होतात. पहारा बदलताना येणारा आणि जाणारा एकमेकांच्या पाया पडतात, वय कितीही असो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते.

रात्री दोन ते चारचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याकडे मी विशेष लक्ष देतो. मंडप बहुतेक रिकामा, दिव्याभोवती किडे, कोपऱ्यात टाळ उशाशी घेऊन झोपलेले दोघे-चौघे. या वेळी वीणा घेऊन उभा राहिलेला माणूस पुष्कळदा तोच असतो ज्याचं यंदा काहीतरी गेलेलं असतं. कुणाचा कांदा सडलेला, कुणाचा मुलगा अपघातात गेलेला, कुणाच्या सोसायटीच्या कर्जाची नोटीस घरी आलेली. कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण अख्ख्या गावाला ठाऊक असतं. घरी अंथरुणावर तळमळत पडण्याऐवजी तो इथे उभा आहे. त्याला दोन तास दिले आहेत, हातात वाद्य दिलं आहे आणि चार वाजता कुणीतरी नक्की येऊन ते आपल्या गळ्यात घेणार आहे. एकट्या माणसाच्या आकांताला गावानं पाळी लावून दिली आहे. दुःखावरचा इतका शहाणा उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या परंपरेचं सर्वांत मोठं रूप म्हणजे सराला बेटाचा सप्ताह. गोदावरीच्या पात्रात हे बेट आहे. एका काठाला श्रीरामपूर तालुका, दुसऱ्या काठाला वैजापूर. गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला हा सप्ताह पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. श्रावणात तो दर वर्षी वेगळ्या गावाला बसतो आणि ते आमंत्रण मिळावं म्हणून गावं मागणी घालतात. इथला प्रसाद आमटी-भाकरी. मंडपाच्या जागी मोठाल्या कढयांत आमटी शिजते आणि भाकरी मात्र आसपासच्या पंचक्रोशीतल्या हजारो चुलींवर भाजल्या जातात. ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्यांतून त्या येतात. कुणाच्या घरातली कुणाच्या पानात पडली याचा पत्ता लागत नाही. दुष्काळी मुलखात लाखाच्या पंगतीला भाकरी वाढणं ही साधी गोष्ट नव्हे. ज्या बाईच्या घरी दाणे मोजून काढले जातात तीही त्यात आपल्या पाच भाकरी घालते. देवाला हाक मारण्याचा हाही एक मार्ग तिनं शोधलेला असतो.

पारायणात सातवा अध्याय येतो तेव्हा श्रोते एका जागी जरा सावरून बसतात. गीतेत श्रीकृष्णानं तिथे आपल्याकडे येणारे चार भक्त सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे पीडेनं कळवळून आलेला. ज्ञानी भगवंताला सर्वांत प्रिय, हे तिथे स्पष्टच आहे आणि ज्ञानेश्वरांनीही ते ठासून मांडलं आहे. पण यादीत पहिला कोण? आर्त. आणि पुढच्याच बोलण्यात भगवंत या चौघांनाही उदार म्हणतात. कुणालाही दारातून परत पाठवत नाहीत. पारावरच्या टोमण्याला याहून चांगलं उत्तर नाही.

हा अध्याय मराठीत सांगितला गेला तो याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशाला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सांगणारा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा, असं परंपरा सांगते. त्याच्या घराची कथा मराठी माणसाला पाठ असते, म्हणूनच कदाचित तिची धार आपल्याला आता जाणवत नाही. संन्यास घेऊन परत संसारात आलेला बाप. गावानं वाळीत टाकलेलं घर. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी दिलेला जीव. चार पोरकी भावंडं, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या दारात उभी राहिलेली. तिथून ती नेवाशाला आली. आज ज्याला पैसाचा खांब म्हणतात त्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वर बोलत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत. खांबाभोवती नंतर देऊळ झालं, पण पूजा खांबाचीच होते. मूर्तीऐवजी जिथे पाठ टेकली त्या दगडाला नमस्कार करणारी जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

त्या मुलाच्या वाट्याला जे आलं होतं त्यानं कुणीही कडू झालं असतं. सुमारे नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर त्यानं देवाकडे मागणं मागितलं, त्यात स्वतःसाठी एक शब्द नाही. आईबापांना छळणाऱ्यांचा सूड नाही, भावंडांसाठी आसरा नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावो आणि ज्याला जे हवं ते मिळो, एवढंच. पसायदान आपण शाळेत उभं राहून म्हणतो, लग्नपत्रिकेवर छापतो. ते एका पोरक्या, बहिष्कृत पोरानं मागितलेलं दान आहे, हे ध्यानात घेऊन एकदा म्हणून पाहावं. आर्त भक्ती हलकी म्हणणाऱ्यांनी तर जरूर. पुढे सहाच वर्षांत अलाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर आली आणि ज्या रामदेवरायाचं नाव ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी आदरानं घेतलं, त्याचं राज्य खिळखिळं झालं. ज्या पिढीवर ते कोसळलं तिच्या हाती तिच्या बोलीतला हा ग्रंथ आधीच पोहोचलेला होता.

नेवाशापासून राहुरीकडे यावं तर ताहराबाद लागतं, महिपतींचं गाव. जन्म १७१५, देह ठेवला १७९०. गावचं कुळकर्णीपण घरात होतं. गोष्ट अशी सांगतात की ते पूजेला बसले असताना कचेरीतून शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपून येतो म्हटलं तर तो तोडून बोलला. महिपती गेले, काम उरकलं, परत आले आणि कानावरची लेखणी काढून विठ्ठलापुढे ठेवली: ही यापुढे सरकारी कामाला लागणार नाही. ती लागली संतचरित्रांना. 'भक्तविजय' १७६२ चा, 'भक्तलीलामृत' १७७४ चं. गोरा कुंभार, सावता माळी, जनाबाई, दुष्काळात बादशाही कोठारं लुटवणारे दामाजीपंत हे सगळे घराघरांत ज्या रूपात नांदतात ते बरंचसं महिपतींनी दिलेलं रूप आहे. त्यांच्या चरित्रांत संकट आलं नाही असा भक्त सापडत नाही आणि देव येतो तो नेहमी घाईघाईनं, कधी महार होऊन, कधी कावडीनं पाणी भरणारा होऊन. पारनेरच्या पिंपळनेरचे निळोबाराय याच पठडीतले. तुकोबा वैकुंठाला गेल्यावर त्यांनी तुकोबांसाठी अन्नपाणी सोडून धरणं धरलं. खुद्द विठ्ठल प्रकट झाला तेव्हा, मी बोलावलं तुकोबांना, तू का आलास, असं त्यांनी विचारल्याचं वारकरी आजही सांगतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांकडे दोन्ही धर्मांची माणसं डोकं टेकतात, ती याच आतुरतेनं.

महिपती ताहराबादेत लिहीत होते त्याच काळात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेली एक स्त्री माळव्यात एकामागून एक चिता पाहत होती. अहिल्याबाई होळकर. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला. १७६६ मध्ये वडिलांसारखे सासरे मल्हारराव गेले. १७६७ मध्ये एकुलता मुलगा मालेराव गेला. म्हातारपणी नातू गेला, मग जावई, आणि १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. आता जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे, चौकाचौकांत पुतळे आहेत; पण या घरात उरलेल्या बाईनं दिवस कसा काढला असेल, हा प्रश्न मला त्यांच्या देवळांहून जास्त छळतो. जॉन माल्कमनं माळव्यात चौकशी करून लिहून ठेवलेली दिनचर्या त्याचं थोडं उत्तर देते. उजाडण्याआधी स्नान-पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म आणि स्वतःच्या हातानं वाढणं. दुपारनंतर संध्याकाळपर्यंत दरबार, पुन्हा पूजा आणि रात्री पुन्हा कामकाज. आपल्या प्रत्येक कृत्याचा जाब देवाला द्यायचा आहे, अशी त्यांची धारणा असल्याचंही तो नोंदवतो. काशी विश्वेश्वराचं देऊळ, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांसाठी दौलतीच्या खजिन्याऐवजी खासगीतला पैसा वापरला गेला. देवाची ओढ आणि रयतेचा न्याय या बाईनं एकाच दिवसाच्या वेळापत्रकात बसवले, तेही दुःखातून डोकं वर काढायला जागा नसताना.

एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांचं एक प्रकरण मात्र आपण मराठी लोक मोकळेपणानं बोलत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात होतं. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत जिल्ह्यातल्या महार आणि मांग वस्त्यांमधली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. मिशननं अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली. त्यावरून तेव्हा म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं की यांनी पोटासाठी धर्म सोडला. मला हा आरोप करणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, की ज्या गावविहिरीवर त्यांना ऐन दुष्काळात पाणी भरू दिलं जात नव्हतं तिथे त्यांनी कुठल्या देवाला हाक मारायची होती? जो हात पुढे आला त्यात त्यांनी देव पाहिला. आणि नुसत्या पोटासाठी केलेली गोष्ट पोट भरल्यावर टिकत नाही. चार-पाच पिढ्या झाल्या, ती घरं आपल्या देवाला धरून आहेत. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला जावं; नवस बोलणाऱ्या आयाबायांचे चेहरे मोहट्याच्या देवीपुढच्या चेहऱ्यांहून वेगळे नाहीत, आणि गर्दीत हिंदू घरंही असतात.

याच नगरात ना. वा. टिळक राहिले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोकणातला चित्पावन ब्राह्मण, कवी, घरदार सोडून धर्माच्या शोधात भटकलेला. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत, आणि ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग, टाळ, कीर्तन आणलं. पण मला त्यांच्याहून लक्ष्मीबाईंची गोष्ट मोठी वाटते. नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी आली तेव्हा त्यांच्यावर जे कोसळलं त्याला विधवापणाइतकीही प्रतिष्ठा नव्हती. नवरा जिवंत आणि आपल्याला मेलेला. त्या पंढरपूरला जाऊन राहिल्या, आप्तांकडे राहिल्या, रडल्या, भांडल्या, देवाला विचारत राहिल्या. पुढे त्या टिळकांबरोबर नगरला नांदू लागल्या, तरी स्वतःचं सोवळं सांभाळून वेगळं रांधत होत्या. जातीची गाठ सुटली ती त्यांच्या स्वतःच्या विचारानं, कुणाच्या उपदेशानं नव्हे. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. या मधल्या पाच वर्षांचा जीवघेणा शोध 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि तो इतक्या निर्मळ हसऱ्या मराठीत आहे की वाचताना त्यातली आग चटकन लक्षात येत नाही. देव शोधताना घाई झाली तरी उडी स्वतःच्या पायांनी मारायची असते, हे त्या बाईंकडून शिकावं.

शिर्डीची गोष्ट साऱ्या जगाला माहीत आहे. मी तिथल्या एका जात्याबद्दलच बोलेन. १९१० मध्ये गोविंद रघुनाथ दाभोलकर, पेशानं मॅजिस्ट्रेट, शिर्डीला आले. एका सकाळी त्यांनी पाहिलं की साईबाबा मशिदीत बाह्या सारून जातं मांडून गहू दळताहेत. गावातल्या चार बाया धावत आल्या, बाबांना बाजूला सारून दळू लागल्या. दळण संपल्यावर पीठ वाटून घ्यायला निघाल्या तर बाबा रागावले आणि ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला सांगितलं. गावात पटकीची साथ होती. गावकऱ्यांनी दाभोलकरांना सांगितलं की हे दळण त्या साथीचं होतं. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि पिठानं ती थांबली असं मी म्हणणार नाही. मी त्या चार बायांबद्दल विचार करतो. घराघरांत माणसं मरत असताना त्या भेदरून दार लावून बसल्या नाहीत, एका फकिराच्या जात्याला हात लावायला धावल्या. भीतीला काहीतरी काम मिळालं. दाभोलकरांनी ही घटना 'श्रीसाईसच्चरिता'च्या पहिल्याच अध्यायात ठेवली, कारण ग्रंथ लिहायची प्रेरणा त्यांना तिच्यातून झाली. बाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी देह ठेवला. ते दिवस मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झानं माणसं मरण्याचे होते. पाऊसही त्या साली दगा देऊन गेला होता. शिर्डीकडे लोकांची रीघ वाढत गेली ती त्या भयानक वर्षांनंतर.

मग १९७२. पाझर तलावांवर, रस्त्यांच्या कामांवर खडी फोडणारी माणसं, वाटपाची सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या पिढीतले लोक सांगतात की दिवसभर घण मारून संध्याकाळी कामावरच्या झोपड्यांपुढे टाळ वाजत. पोटात अन्न नसताना आवाज कुठून येत असेल, हे त्यांनाही सांगता येत नाही.

या दुष्काळानं मोडलेल्या गावांपैकी एक राळेगण सिद्धी, पारनेर तालुक्यातलं. वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, शेतं उजाड आणि गावात दारूच्या हातभट्ट्या. भट्ट्या पेटवायला यादवबाबांच्या देवळातली लाकडं काढून नेली गेली होती. १९७५ मध्ये किसन बाबूराव हजारे लष्करातून गावी परतले. १९६५ च्या लढाईत खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, बरोबरचे जवान गेले, ते वाचले. त्याच काळात जगण्यात अर्थ वाटेनासा होऊन जीव द्यायचं मनात आलं असताना दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर स्वामी विवेकानंदांचं एक पुस्तक हाती लागलं, असं ते स्वतः सांगत आले आहेत. मी का वाचलो, हा प्रश्न घेऊन ते गावात आले. साठवलेल्या पैशांतून त्यांनी पहिलं काम केलं ते देवळाच्या दुरुस्तीचं. पाणी नसलेल्या गावात आधी देऊळ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण देऊळ उभं राहताना म्हातारी माणसं हात लावायला आली, मग तरुण आले. त्याच देवळात बसून दारूबंदीचं ठरलं, श्रमदान ठरलं, नाला बांध आणि पाझर तलाव ठरले. पाणी जमिनीत मुरलं, विहिरी भरल्या. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याचे प्रकारही तिथे घडले. ते मला तेव्हाही चुकीचे वाटले, आजही वाटतात. हजाऱ्यांच्या पुढच्या राजकीय लढ्यांबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण मोडलेल्या गावाला एकत्र बसायला लागणारी जागा देवाच्या दारात सापडली, हे घडलेलं आहे.

देवाचं दारच बंद होण्याची वेळही आपण पाहिली. १७ मार्च २०२० ला शिर्डीचं मंदिर दर्शनाला बंद झालं ते दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडलं. आषाढीला संतांच्या पादुका एसटी बसमधून पंढरीला गेल्या. नगरमधून दर वर्षी जाणारी निवृत्तिनाथांची पालखी रस्त्यावर दिसली नाही. सप्ताहांचे मंडप उभे राहिले नाहीत. आणि नेमका तोच काळ, जेव्हा ऑक्सिजनचं सिलिंडर शोधत फिरणाऱ्या मुलाला, दवाखान्याबाहेर गाडीत रात्र काढणाऱ्या बापाला कुठेतरी डोकं टेकायचं होतं. दारं बंद ठेवणं योग्यच होतं. जमलेल्या गर्दीनं आणखी माणसं गेली असती. पण वीणेच्या पहाऱ्याची ती पाळी तुटली आणि प्रत्येकाला आपापला आकांत एकट्यानं पेलावा लागला. त्या दोन वर्षांत माणसं गेली त्या घरांतलं दुःख अजून बसलेलं नाही. कुणी चौथ्या माणसाच्या खांद्याविना माणूस पोचवला, कुणाला तोंडही पाहता आलं नाही. त्या घरांकडे गावानं अजून पुरेसं पाहिलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आर्त माणूस सर्वांत लवकर फसतो. ज्याला आत्ता, या घटकेला देव हवा असतो त्याच्यापुढे देव विकणारे दुकान मांडून बसतात. अमावास्येचा दरबार, कोंबडं-लिंबू, औषध बंद करा म्हणणारा बाबा, जमीन विकून करायचा विधी. नगर जिल्ह्याला यातलं काही नवीन नाही. २०१३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो याच लुटीविरुद्ध. कायद्याचा आणि भक्तीचा विरोध आहे असं सांगणारे लोक भक्तीचे मित्र नव्हेत. ओळखायची खूण सोपी आहे. नेवाशाच्या मुलानं काही घेतलं नाही. महिपतींनी होतं ते सोडलं. सप्ताहातला वीणेकरी पैसे मागत नाही, उलट पाया पडतो. जो संकटातल्या माणसाला एकटं बोलावतो, गुप्तता पाळायला सांगतो आणि पैसे सांगतो, त्याच्यापासून आपलं माणूस ओढून बाहेर काढावं, वेळ पडली तर पोलिसांत जावं.

म्हणून गावोगावच्या सप्ताह कमिट्यांना माझी विनंती आहे. यंदा वर्गणीची पावती फाडायला जाल तेव्हा ज्या घरातलं माणूस गेलं, ज्याचं पीक वाहून गेलं, ज्याच्या दारात जप्तीची नोटीस आली, त्या घरी आधी जा आणि पावतीपुस्तक खिशातच ठेवा. पहाऱ्याच्या वहीत त्या घरच्या माणसाचं नाव स्वतः लिहा, बाई असेल तर बाईचं लिहा. पहाटेपर्यंत त्याच्या सोबतीला दोघं बसवा. कुणी जिवावर उदार झाल्यासारखं बोलत असेल तर त्याला कीर्तनाला बसवा, पण त्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात स्वतःच्या गाडीवर घेऊन जा. आणि एरवी देवळाकडे न फिरकणारा कुणी या सात दिवसांत दारात येऊन उभा राहिला, तर तो आजच का आला हे विचारू नका. पुढे सरका आणि त्याला बसायला जागा करून द्या.